जुनी बॅट वर्णनाप्रमाणे निघाली नाही: पैसे परत मागताना कोणती वाट धरावी?

‘इंग्लिश विलो, एकच सीझन खेळलेली, कुठेही तडा नाही’ असं जाहिरातीत वाचून आठ-नऊ हजार मोजले. बॅट घरी आली, ग्रिप वर सरकवली, तर दांड्यावरचा दोरा अर्धा जुना, अर्धा नवा आणि मध्ये गोंदाचा थर. म्हणजे दांडा एकदा मोडलाय. सीझन बॉलवर खेळणाऱ्या मुलासाठी घेतलेली बॅट अशी निघाली की राग येतोच. पण तक्रार कुठे करायची, हे दोन गोष्टींवर ठरतं: विकणारा कोण आणि पैसे कसे दिले.

त्याआधी एक. त्या बॅटने एकही बॉल खेळू नका. तेल लावू नका, नॉकिंग (हातोडीने ठोकून बॅट खेळण्याजोगी करणं) करू नका. 1930 च्या माल विक्री कायद्यात माल ‘स्वीकारला’ असं केव्हा धरायचं ते दिलंय: मालक असल्यासारखा वापर केला किंवा काहीही न कळवता बरेच दिवस ठेवून घेतला, तर. म्हणून ज्या दिवशी खोट दिसेल त्याच दिवशी ‘वर्णनाप्रमाणे नाही, मी स्वीकारत नाही’ असं लेखी कळवा. जाहिरातीचा स्क्रीनशॉटही लगेच काढा, कारण वाद सुरू झाला की सर्वांत आधी जाहिरात गायब होते.

थेट विक्रेत्याशी की प्लॅटफॉर्ममार्फत?

थेट बोलणं सर्वांत जलद, पण त्यात जोर फक्त तुमच्या पुराव्याचा. माझ्या मते ही वाट एकाच परिस्थितीत पुरेशी आहे: लाकूड खरंच इंग्लिश विलो आहे आणि खोट फक्त दांड्यात आहे. दांडा बदलता येतो. दुरुस्ती करणाऱ्याकडून खर्चाचा आकडा लेखी घ्या आणि तेवढी रक्कम परत मागा. पण इंग्लिशच्या नावाखाली काश्मीर विलो, म्हणजे बॅटचं स्वस्तातलं लाकूड, आली असेल, स्टिकरखालचं लाकूड तपकिरी झाक असलेलं आणि रेषा अस्पष्ट असतील, तर अर्ध्या पैशांवर तडजोड करू नका. ती दुरुस्त होणारी खोट नाही. बॅट परत, पैसे परत.

प्लॅटफॉर्मने पैसे स्वतःकडे रोखून ठेवले असतील तर विक्रेत्याशी घोळ घालत बसण्यापेक्षा मुदतीत तिथेच तक्रार टाका. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. नुसती जाहिरात लावू देणारी आणि व्यवहार बाहेर होऊ देणारी साइट असेल, तर तिच्याकडून विक्रेत्याचं खातं बंद होण्यापलीकडे फारशी अपेक्षा ठेवू नका.

कार्ड की यूपीआय?

इथे फरक मोठा आहे. क्रेडिट कार्डाने दुकानाला पैसे दिले असतील तर ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणावर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत वळवणं, मागता येतो. त्याला साधारण 120 दिवसांची मुदत असते. आधी विक्रेत्याकडे मागणी केल्याचा आणि माल परत द्यायची तयारी दाखवल्याचा पुरावा बँक मागते. अनोळखी माणसाच्या नंबरवर यूपीआयने पाठवलेले पैसे मात्र तुम्ही स्वतः पिन टाकून दिलेले असतात. मालाच्या दर्जावरून बँक ते मागे खेचून आणेल, या आशेवर थांबू नका.

ग्राहक आयोग की दिवाणी दावा?

बहुतेकांची गल्लत इथेच होते. जुन्या क्रीडासाहित्याचा नियमित धंदा करणारा विक्रेता असेल तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या बाजूने भक्कम उभा आहे. जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घ्यायला तो नकार देऊ शकत नाही. आधी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, पण ती मध्यस्थी आहे, आदेश नाही. त्याने भागलं नाही तर जिल्हा आयोग: पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षं. कायद्यात निकालाला तीन महिने, मालाची तपासणी लागली तर पाच महिने म्हटलंय. प्रत्यक्षात त्याहून जास्त धरून चला. कागद कसे लावायचे हे कळत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेचा सल्ला घ्या.

पण विकणारा कॉलेजचा मुलगा असेल, स्वतःची एक बॅट काढून टाकणारा? मग ई-कॉमर्स नियम त्याला लागूच नाहीत. वैयक्तिक, नियमित धंद्याचा भाग नसलेला व्यवहार त्यातून स्पष्टपणे वगळलाय. ग्राहक आयोगातही ‘मी व्यापारी नाही’ हा त्याचा पहिला मुद्दा असेल. तिथे उपयोगी पडतो माल विक्री कायद्यातला कलम 15: वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. हे खाजगी विक्रेत्यालाही लागू आहे. ‘जशी आहे तशी’ या शब्दांनी ‘इंग्लिश विलो’ हे वर्णन पुसलं जात नाही. दिवाणी दावा आठ हजारांसाठी परवडणारा नाही, हे खरं. पण हा कलम नमूद करून स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. त्याचा खर्च थोडा आणि त्यानंतर विक्रेता बऱ्याचदा बोलायला तयार होतो.

पोलिसांकडे किंवा 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जायचं ते विक्रेता मुळातच बनावट असेल तेव्हा: पैसे घेऊन नंबर बंद, एकाच फोटोवर अनेक गिऱ्हाइकं. तेव्हा मात्र नोटीस वगैरेत वेळ घालवू नका, त्याच तासाला फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच काही हाती लागतं.