चार दिवसांत उजळलेला चेहरा

माझी लेक बारावीला नीटच्या तयारीसाठी लातूरला होस्टेलवर होती. दिवाळीला घरी आली, तोंडावरचा स्कार्फ सोडला आणि मी बघतच राहिले. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी, सगळीकडे मुरूम. काही पिकलेले, काही नुसतेच लाल. हळद झाली, डाळीचं पीठ झालं, कडुलिंबाचा पाला झाला, कुणीतरी टूथपेस्ट सांगितली तीही झाली. भाऊबीजेच्या दिवशी ती फोटोत यायला तयार होईना, तेव्हा मी उठले आणि मेडिकलवर गेले.

स्किनच्या डॉक्टरकडे का नाही गेले, हे आधी सांगते, कारण चूक तिथेच झाली. माझ्या डोक्यात हिशेब असा होता: डॉक्टरची फी पाचशे, वर औषधं वेगळी, आणि मुरूम म्हणजे काय आजार थोडाच आहे? वयात आलं की येतात. चिठ्ठीची औषधं मोठ्या दुखण्याला आणि बिनचिठ्ठीची किरकोळ दुखण्याला, एवढीच माझी समज. दुकानदार चिठ्ठी न मागता देतोय म्हणजे औषध सौम्यच असणार, असं मी धरून चालले.

मेडिकलवाले ह्यांच्या वर्गातले. आमची बीपीची, तापाची औषधं पंधरा वर्षं तिथूनच येतात. म्हणाले, "वहिनी, फेसवॉशनी काही होत नाही. ही ट्यूब द्या तिला. रात्री लावायची, सकाळी धुवायची. चार दिवसांत बघा." खोकं त्यांनी स्वतःच उघडून टाकून दिलं, "पर्समध्ये उगीच जागा अडते" म्हणून. एकशेपंचेचाळीस रुपये. बिल मागितलं नाही, त्यांनीही दिलं नाही. ओळखीच्या माणसाकडे बिल कोण मागतं?

आणि खरंच चार दिवसांत फरक पडला. लाली गेली, फोड बसले, वर रंगही उजळला. लेक आरशासमोरून हलेना. जाऊबाईंनी विचारलं, "काय लावतेस गं?" मी अभिमानानं ट्यूब दाखवली. त्यांच्या मोठ्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनीही एक आणली. हे लिहिताना अजून लाज वाटते. दुकानदारानं एक ट्यूब मला विकली. दुसरी त्याच्या वतीनं मी विकली.

जानेवारीत लेकीचा फोन. "मम्मी, ट्यूब संपली आणि दोन दिवसांत परत सगळं आलं. पहिल्यापेक्षा जास्त. लवकर पाठव." मी डब्याबरोबर पाठवली. औषध बंद केल्यावर त्रास वाढतो म्हणजे औषध लागू पडतंय, असाच अर्थ मी काढला. पुढे हे दर महिन्याचंच झालं. होस्टेलच्या बारीक दिव्यात व्हिडिओ कॉलवर चेहरा गोराच दिसायचा, आणि बाहेर पडताना लातूरच्या सगळ्या मुलींसारखी तीही स्कार्फ बांधायची. कुणाला काय दिसणार?

एप्रिलमध्ये ती म्हणाली, नुसत्या पाण्यानं तोंड धुतलं तरी आग होते. क्लासवरून उन्हातून आली की चेहरा टोमॅटोसारखा. गालांवर बारीक लव वाढलेली, मैत्रिणी चिडवतात. मी मेडिकलवर सांगितलं. ते म्हणाले, "उन्हाळा आहे वहिनी, होतं असं. ही दुसरी नेऊन बघा, जरा स्ट्राँग आहे." मी तीही नेली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पोषण आहाराच्या गोणीवरची तारीख, तेलाच्या पिशवीवरचा शिक्का, सगळं वाचल्याशिवाय सही करत नाही. तीच मी, लेकीच्या तोंडाला लावायच्या ट्यूबवर काय छापलंय ते सहा महिने वाचलं नाही.

मे महिन्यात नीटची परीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे गेले. डॉक्टर मॅडमनी चेहरा पाहिला, भिंगानं गाल पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "कुठली ट्यूब लावता?" मुरमांबद्दल एक शब्द नाही. मी पर्समधून दोन्ही काढून दिल्या. त्यांनी पहिली वाचून दाखवली: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉईन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के. "हे वांगावरचं औषध आहे. तेही डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडे आठवडे. यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड." दुसऱ्या ट्यूबमध्ये क्लोबेटासोल. ते स्टेरॉइड मलमांतल्या सगळ्यात जहाल गटातलं निघालं. सोरायसिसच्या जाड चट्ट्यांवर लावतात, आणि चेहऱ्यावर तर लावायचंच नसतं.

मग चार दिवसांत गुण कसा आला? मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. मुरूम येतात ते तेलाच्या ग्रंथी जास्त चालल्यामुळे, छिद्रांची तोंडं बुजल्यामुळे आणि आत जंतू वाढल्यामुळे. त्यानं जी सूज आणि लाली येते, ती स्टेरॉइड दाबून टाकतं. रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा फिका पडतो, वर हायड्रोक्विनोन रंग उतरवतं. आपण म्हणतो, उजळला. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, खालच्या बारीक शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम उठतात. बंद केलं की दाबलेलं सगळं उसळून वर येतं, म्हणून माणूस पुन्हा ट्यूबकडे धावतो. या दुखण्याला डॉक्टरांत नावच आहे, 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस'. नाव पडावं इतके असे चेहरे त्यांच्याकडे येतात.

ट्रेटिनॉईन मुरमांवर चालतं, ते खोटं नाही. पण ते वेगळं, एकटं मिळतं. त्यासाठी स्टेरॉइडची जोड लागत नाही.

जाऊबाईंच्या मुलीचं मी घाबरत घाबरत सांगितलं. मॅडम एकदम सरळ बसल्या. "तिला कॅप्सूल तर दिली नाही ना कुणी?" आयसोट्रेटिनॉईनची कॅप्सूल हट्टी मुरमांवर फार चांगली असते म्हणे, पण ती चालू असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून बाईमाणसाला देताना आधी दिवस गेले नाहीत ना याची तपासणी, मध्ये रक्ताच्या तपासण्या आणि बंद केल्यावरही निदान महिनाभर सांभाळायचं. आणि नुकतं लग्न झालेल्या मुलीनं तर ट्रेटिनॉईनचं मलमही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. मी दवाखान्याच्या पायरीवरूनच जाऊबाईंना फोन लावला. कॅप्सूल घेतली नव्हती. ट्यूब चालू होती.

लेकीच्या दोन्ही ट्यूबा बंद झाल्या. पहिले तीन आठवडे फार वाईट गेले. चेहरा सुजला, रात्री आगीनं झोप येईना, थंड पाण्याच्या घड्या ठेवून बसायचो. दोनदा तिनं कपाट उघडून ट्यूब शोधली, मी लपवली होती. साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, पोटातून गोळ्या आणि एक वेगळं मलम असं चालू राहिलं. चेहरा शांत व्हायला पाच महिने लागले. गालावरच्या दोन शिरा अजून दिसतात.

मुरमांवरचा खरा उपाय त्यानंतर सुरू झाला, आणि तो इतका साधा निघाला की मला रडू आलं. सकाळी बेंझॉईल पेरॉक्साईड २.५ टक्के, रात्री अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्के, अख्ख्या चेहऱ्याला मिळून मटाराच्या दाण्याएवढं. बेंझॉईल पेरॉक्साईड जास्त टक्क्यांचं घेतलं तर गुण फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते. टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे वापरा, रंग उडतो, आमचे दोन गेले. अ‍ॅडापॅलीननं सुरुवातीला सालं निघतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे. हे "चार दिवसांत बघा"वालं औषध नव्हे, आणि त्यामुळेच ते दुकानदार आपणहून काढून देत नाही. हो, नुसतं क्लिंडामायसीनचं जेलही खपवलं जातं. ते अँटिबायोटिक आहे. एकटं लावत राहिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, असं मॅडम म्हणाल्या.

आपल्याकडे 'बिनचिठ्ठीची औषधं' अशी वेगळी यादी कायद्यात नाही, हे मला नंतर कळलं. जे औषध चिठ्ठीवालं म्हणून नोंदलेलं नाही ते बिनचिठ्ठीचं, एवढंच. शेड्यूल एच या चिठ्ठीवाल्या औषधांच्या यादीत नाव असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. स्टेरॉइडच्या मलमांना पूर्वी त्यात सूट होती, २०१८ साली ती बऱ्याच मलमांची काढून घेतली. आमच्या ट्यूबवर कोपऱ्यात आरएक्स ही खूण होती आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजीत छापलं होतं की नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावं. खोकं असतं तर हेच मोठ्या अक्षरात दिसलं असतं. पर्समधली जागा वाचवायला त्यांनी खोकं फेकलं नव्हतं, हे समजायला मला वर्ष लागलं.

नावांची एक खूण मात्र आता मी सगळ्यांना सांगते. मोमेटासोन, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन, क्लोबेटासोल, यांतलं काहीही चेहऱ्याच्या ट्यूबवर दिसलं की ती तिथेच काउंटरवर ठेवून द्यायची. मुरमांनंतर खड्डे पडायला लागलेत, गाठी दुखताहेत, किंवा साध्या औषधानं तीन महिन्यांत फरक नाही, तर फी भरायची. सहा ट्यूबांचे माझे आठशेसत्तर रुपये गेले. पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे गेले असते तर फी धरूनही त्याच्या आसपासच बसलं असतं.

मेडिकलवाल्यांना जाऊन विचारलं. आवाज चढवला नाही, पण विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्हीच तर दर महिन्याला येऊन मागत होतात. अख्खं गाव नेतं ही ट्यूब. मी न देता पाठवलं तर समोरच्या दुकानातून नेतील." ह्यांचं म्हणणं, मित्र आहे, सोडून दे. मी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या कारकुनानं पहिलं विचारलं, "बिल आहे का?"

बिल नाही. दुसरी ट्यूब अर्धी शिल्लक आहे, तिच्या तळाशी बॅच नंबर आहे. जाऊबाई म्हणतात, घरात ठेवू नकोस, फेकून दे. मी ती अर्जाच्या पोचपावतीबरोबर स्टीलच्या डब्यात घालून, झाकणाला चिकटपट्टी लावून, लेकीचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवली आहे. कुणी तपासणीला आलं तर दाखवायला हवी.