पोकेमॉन 'लेट्स गो' : सहा-सात महिने मदतनीस म्हणून खेळल्यावर

निन्टेन्डो स्विच या गेम-कन्सोलवरचा 'पोकेमॉन लेट्स गो, पिकाचू' हा २०१८चा गेम, म्हणजे आता जुनाच. तरी मुलांबरोबर बसून खेळायला काय घ्यावं असं कुणी विचारलं की मी अजून याचंच नाव घेते, आणि ते दुसऱ्या खेळाडूच्या सोयीसाठी.

एक जॉय-कॉन (स्विचचा छोटा कंट्रोलर) मुलाकडे असतो. दुसरा हातात घेऊन हलवला की आपणही पडद्यावर हजर. मध्येच उठून गेलं तरी खेळ अडत नाही. गेममधल्या इतर पोकेमॉन-प्रशिक्षकांशी लढताना आपण दोघं आणि समोर एकटा, त्यामुळे लढाया फारच सोप्या होतात (मोठ्या मुलाला हे लवकरच खटकायला लागलं). जंगली पोकेमॉनशी इथे बहुतेक वेळा लढायचं नसतंच, नुसता बॉल फेकून त्याला पकडायचं. दोघांचे बॉल एकाच वेळी लागले तर तो हाती लागण्याची शक्यता वाढते. त्यासाठी एक-दोन-तीन म्हणावं लागतं, आणि 'तीन' म्हणताना फेकायचा की म्हटल्यावर, हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. टीव्हीवर खेळताना बॉल हात झटकूनच फेकावा लागतो, बटणाने फेकता येत नाही. मनगटाचा पट्टा बांधाच.

उणी बाजू अशी की दुसऱ्या खेळाडूचं स्वतःचं काहीच नसतं. पकडलेलं सगळं पहिल्याच्या खात्यात, गावकऱ्यांशी बोलणार तोच, कुठल्या वाटेने जायचं हेही तोच ठरवणार. धाकट्या भावंडाला ही जागा दिलीत तर रडारड ठरलेली. आईबाबांना मात्र ती अगदी चपखल बसते, असं माझं मत झालंय.

एरवी पोकेमॉनच्या कथांमध्ये घरची माणसं अशी मागोमाग येतच नाहीत. १९९६च्या पहिल्या गेमपासून आई घरी थांबलेली. दमून आलेल्या पोकेमॉनना विश्रांती देणं एवढंच तिचं काम. 'रूबी' आणि 'सफायर' या गेममध्ये बाबा आहेत, पण ते स्वतःच जिम लीडर, म्हणजे ज्यांना हरवून बॅज मिळवायचा अशांपैकी एक. आधी चार बॅज मिळव, मग माझ्याशी लढ, असं सांगून पोराला वाटेला लावतात! 'सोर्ड' या गेममधला हॉप चॅम्पियन भावाच्या सावलीत वाढलेला. 'स्कार्लेट' या गेममधल्या आर्व्हनची आई संशोधनात इतकी बुडालेली की त्याला सोबत उरते ती माबॉस्टिफ या कुत्र्यासारख्या पोकेमॉनची. साहसी घराणी भरपूर, पण साहस ज्याचं त्याचं वेगळं.

खऱ्या जगातलं पिकार्ड घराणं घ्या. ऑग्युस्त पिकार्ड १९३१मध्ये बलूनने स्ट्रॅटोस्फिअरमध्ये पोचले, मुलगा जाक १९६०मध्ये मारियाना गर्तेच्या तळाशी उतरला, नातू बर्ट्रांडने १९९९मध्ये बलूनमधून न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. हे विक्रम सगळीकडे सांगितले जातात. मला त्यांच्यातली १९५३ची डुबकी जास्त आवडते. तेव्हा जवळजवळ सत्तरीचे ऑग्युस्त आणि जाक, बापलेक दोघंही 'त्रिएस्ते' या खोल समुद्रात उतरणाऱ्या यानाच्या पोलादी गोळ्यात शेजारी बसून ३,००० मीटरपेक्षा खोल गेले होते. अशा जोडीवर पोकेमॉनचा गेम का निघत नाही, कुणास ठाऊक.

घराबाहेर पडायचं असेल तर 'पोकेमॉन गो' या फोनवरच्या गेमची जोड द्या. त्यातली अंडी २, ५, १० किलोमीटर अशी चालल्यावर उबतात, आणि गाडीच्या वेगाने कापलेलं अंतर धरलं जात नाही, त्यामुळे पाय हलवावेच लागतात. फोन मुलांकडे, रस्त्यावर लक्ष माझं. 'गो'मध्ये पकडलेले कांटो प्रदेशातले पोकेमॉन 'लेट्स गो'मध्ये पाठवता येतात, पण ते परत येत नाहीत. लाडका पाठवण्याआधी मुलांना हे नीट सांगा.

स्विचवर प्रत्येक मुलाला वेगळं प्रोफाइल करून द्या, कारण एका प्रोफाइलवर एकच खेळ जतन होतो. आमच्याकडे मोठ्याचा प्रवास संपत आलाय, धाकटीचा नुकता सुरू झालाय, आणि मदतनीस दोन्हीकडे मीच.