जुन्या गाडीसाठी मेकॅनिकल ऑइल गेज: डायल उत्तम, नळी मात्र लगेच बदला

जुन्या अँबॅसिडरचा ऑइल प्रेशरचा काटा खाली बसला की 'इंजिन खोला' हा सल्ला ठरलेलाच. पण खोलण्याआधी एक मेकॅनिकल गेज लावून खात्री करावी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या डिकीत हे गेज असायलाच हवं.

स्पेअर पार्टच्या दुकानात सर्रास मिळणारं किट म्हणजे २ इंची डायल, ० ते १०० पीएसआय (दाबाचं माप, पौंड प्रति चौरस इंच), नायलॉनची बारीक नळी, पितळी नट आणि फेरूल (नळीवर आवळली जाणारी कडी). डायल पैसे वसूल आहे. आत वाकवलेली, दाबानं सरळ होऊ पाहणारी बुर्डन ट्यूब असते आणि काटा थेट तेलाच्या दाबानं फिरतो, त्यामुळे अर्थिंग किंवा व्होल्टेजची भानगडच नाही. बसवण्याआधी बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक्सचं काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये २०, ४० आणि ६० वर ताडून घ्या. दोन-तीन पीएसआयचा फरक चालतो.

नळीला मात्र पास करता येत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकली की ती वितळते. इंजिनमधलं उकळतं तेल सरळ डॅशबोर्डखाली, चालकाच्या पायावर येतं, आणि इंजिन कोरडं पडतं ते वेगळंच. त्याऐवजी १/८ इंची तांब्याची नळी घाला. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, म्हणून दोघांच्या मध्ये नळीला दोन-तीन वेटोळी द्या. सरळ ताणलेली नळी फेरूलपाशीच चिरते. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट हवाच.

दुसरी खोट आट्यांची. बऱ्याच किटचा अडॅप्टर १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाचे, इंचाला २७ आटे. ब्रिटिश मापाच्या बीएसपीला २८. पहिले दोन-तीन आटे गोडीनं जातात, मग अडतं. तिथं पान्याचा जोर लावला तर ब्लॉकमधले आटे गेलेच म्हणून समजा. भोक मोजून लेथवर अडॅप्टर करून घ्या, खाली तांब्याचा वॉशर घाला.

गाडीत आधीपासून विजेवर चालणारं गेज असेल तर त्याची तपासणी सोपी आहे. इग्निशन चालू ठेवून सेंडरची (इंजिनवर बसवलेल्या, दाब कळवणाऱ्या सेन्सरची) वायर काढा: काटा एका टोकाला जायला हवा. वायर क्षणभर ब्लॉकला टेकवा: दुसऱ्या टोकाला. दोन्ही झालं तर गेज आणि वायरिंग ठीक, संशय सेंडरवर. त्याचं अर्थिंग आट्यांमधूनच होतं, आणि टेफ्लॉन टेपचे जाड थर नेमके तेच तोडतात.

रीडिंग इंजिन पूर्ण तापल्यावरच घ्या. थंड तेल घट्ट असतं, काटा फसवा चढतो. अँबॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनला चालताना ५० च्या आसपास आणि आयडलिंगला १५ पीएसआय मिळाले तर निश्चिंत राहा. तापल्यावर हळूहळू उतरत जाणारं प्रेशर बहुधा झिजलेल्या बेअरिंगचं किंवा पातळ तेलाचं. अशा इंजिनात २०डब्ल्यू-५० हे घट्ट तेल घालावं. एकाएकी कोसळलं तर आधी जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह काढा. कचरा अडकून तो उघडा राहतो आणि नट खोलून, रॉकेलनं धुऊन काम भागतं. चोर्ला घाटाच्या वळणांवर काटा फडफडला तर डिपस्टिक बघा: तेल कमी, पंप हवा ओढतोय.

प्रीमियर पद्मिनीत काट्याऐवजी दिवाच. प्रेशर अगदी तळाला गेल्यावर तो पेटतो, ५० चं २० झालेलं सांगत नाही. म्हणून तिथं हे गेज जास्तच गरजेचं. टी-जोड घातला तर दिवाही राहतो. सोबत त्याच आट्यांचा एक बंद प्लग करून डिकीत ठेवा. वाटेत नळी फुटली तर इंजिन लगेच बंद करा, अडॅप्टरच्या जागी प्लग आवळा, तेल भरा आणि गाडी घरी आणा.