होस्ट्स फाइल बदलायची आहे: परवानगी बदलावी की नोटपॅड ॲडमिन म्हणून उघडावं?

होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या नावांचे पत्ते लिहून ठेवायच्या विंडोजच्या फाइलमध्ये, एक ओळ घालायची असते. सेव्ह करायला गेलं की विंडोज सांगतं, या जागी सेव्ह करायची तुम्हाला परवानगी नाही, ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. कॉम्प्युटर आपला, खातं ॲडमिनचं, मग संपर्क साधायचा कोणाशी? इथे बरेच जण फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जातात, सिक्युरिटी टॅबवर ‘यूजर्स’ला ‘फुल कंट्रोल’ देतात आणि मोकळे होतात. काम होतं खरं, पण ते करायची गरज नसते, आणि दिलेला अधिकार नंतर परत काढून घ्यायचं राहून जातं.

आधी अडतं कुठे ते बघू. ही फाइल सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी अशा फोल्डरात असते. एखाद्या वेबसाइटच्या नावाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) कोणता, हे डीएनएसला, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या इंटरनेटवरच्या यंत्रणेला, विचारण्याआधी कॉम्प्युटर इथे बघतो. काहीही न बदलता सिक्युरिटी टॅब नुसता वाचा. ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ला फुल कंट्रोल आधीपासूनच आहे, ‘यूजर्स’ला फक्त वाचण्यापुरती मुभा. तरी तुम्ही अडता, कारण विंडोज व्हिस्टापासून यूएसी (यूजर अकाउंट कंट्रोल) आलं. ॲडमिन खात्यातून लॉगिन केलं तरी नेहमीसारखा उघडलेला प्रोग्रॅम साध्या वापरकर्त्याच्या अधिकारानेच चालतो. पूर्ण अधिकार वेगळे मागावे लागतात, आणि तेव्हाच तो होय-नाही विचारणारा चौकोन येतो. म्हणजे परवानगी तुमच्याकडे आहे, तुम्ही उघडलेल्या नोटपॅडकडे नाही. दुरुस्ती नोटपॅडच्या बाजूने करायची, फाइलला हात लावायचा नाही.

दुसरं असं, की फाइलच्या परवानग्या बदलायलाही ॲडमिनचाच अधिकार लागतो. तो अधिकार वापरणारच असाल, तर त्यातच ती एक ओळ लिहून का टाकू नये?

पहिली वाट अशी: स्टार्टमध्ये नोटपॅड शोधा, राइट-क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा, यूएसीला होय म्हणा आणि फाइल नोटपॅडमधूनच उघडा. ईटीसी फोल्डर रिकामं दिसलं तर घाबरू नका. होस्ट्स फाइलला एक्स्टेन्शनच नसतं आणि नोटपॅड फक्त टेक्स्ट फाइली दाखवत असतं. तिथे ‘ऑल फाइल्स’ निवडलं की दिसते. १२७.०.०.१ (हा खुद्द आपल्याच कॉम्प्युटरचा पत्ता), मग स्पेस, मग वेबसाइटचं नाव, अशी ओळ लिहा, सेव्ह करा, नोटपॅड बंद करा. नोटपॅड बंद झालं की दिलेला अधिकारही संपला. मागे काही उघडं राहत नाही.

याच वाटेची एक बहीण आहे: फाइल डेस्कटॉपवर कॉपी करायची, तिथे बदलायची आणि परत जागेवर टाकायची. विंडोज ‘कंटिन्यू’ दाबायला लावतं, बस. ही पद्धत चालते, पण हिच्यात दोन खड्डे आहेत. डेस्कटॉपवर ‘सेव्ह ॲज’ केलं तर फाइलच्या शेपटाला टीएक्सटी चिकटू शकतं, आणि विंडोज एक्स्टेन्शन मुळात लपवूनच ठेवतं. एका कॉम्प्युटर क्लासच्या लॅबमध्ये यापायी माझी अर्धी दुपार गेली होती. फोल्डरात होस्ट्स नावाच्या दोन फाइली, दोन्ही दिसायला सारख्या, पण एकीच्या पुढे प्रकार म्हणून ‘टेक्स्ट डॉक्युमेंट’. मुलं मन लावून त्याच दुसऱ्या फाइलमध्ये ओळी घालत होती आणि विंडोज ती वाचतच नव्हतं. दुसरा खड्डा कट-पेस्टचा. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली की जुन्या जागेच्या परवानग्या तिच्यासोबत येऊ शकतात. म्हणून परत टाकताना कॉपीच करा.

आता परवानगी बदलण्याची वाट. ‘यूजर्स’ला फुल कंट्रोल देणं म्हणजे या खात्यात चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला देणं. एखादं फुकटचं कन्व्हर्टर, मित्राने पाठवलेला गेम, कोणीही आता न विचारता होस्ट्समध्ये ओळ घालू शकतो. यूएसीचा चौकोन येणार नाही. व्हायरस ही फाइल धरतात ते उगाच नाही. अँटिव्हायरसच्या साइटचं नाव भलत्याच पत्त्यावर वळवलं की अपडेट बंद. बँकेचं नाव वळवलं, तर ब्राउझर सर्टिफिकेटचा इशारा देईल, पण घाईत तो इशारा ओलांडून पुढे जाणारी माणसं मी पाहिली आहेत. दारावरचं कुलूप काढून ठेवून नुसत्या कडीवर घर सोडण्यातला हा प्रकार आहे.

दिवसातून दहा वेळा ही फाइल बदलावी लागते, असं वेब डेव्हलपर म्हणतील. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच मोफत ‘पॉवरटॉइज’ या टूल्सच्या संचामध्ये होस्ट्स फाइल एडिटर आहे. टिक करून ओळी चालू-बंद करता येतात आणि तो बॅकअपही ठेवतो. फाइलची परवानगी सैल करण्याचं कारण मला तरी उरलेलं दिसत नाही.

सिस्टिम३२ मधल्या इतर बऱ्याच फाइलींची गोष्ट मात्र वेगळी. त्यांचा मालक ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ हे विंडोजचं स्वतःचं अंतर्गत खातं असतं आणि तिथे ॲडमिनलाही फक्त वाचायची मुभा असते. ‘टेकओन’ या कमांडने मालकी घेऊन ‘आयकॅकल्स’ या कमांडने अधिकार देता येतात, पण माझं स्पष्ट मत: करू नका. फाइल बिघडली असेल तर ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही कमांड चालवा, ती मूळ फाइल परत आणून ठेवते. आयकॅकल्सने आधी परवानग्या जतन केल्या तरी त्यात मालकाचं नाव जात नाही. ते ‘एनटी सर्व्हिस’ या उपसर्गासकट हाताने परत टाकावं लागतं, हे बहुतेकांना उशिरा कळतं.

लिनक्सवर हाच प्रश्न ‘सुडो’ (एका कमांडपुरता ॲडमिनचा अधिकार) की ‘चमॉड ७७७’ (फाइलची परवानगीच बदलणं) असा येतो. तिथल्या होस्ट्स फाइलची परवानगी ६४४ असते: वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, म्हणून मालकाला ६, बाकीच्यांना नुसतं वाचायला ४. चालवण्याचा १ धरून ७ होतात, म्हणजे ७७७ हे सगळ्यांना सगळं. ‘सुडो नॅनो’ने, म्हणजे नॅनो या एडिटरला ॲडमिनचा अधिकार देऊन, फाइल उघडणं सोपं आणि पुरेसं आहे. त्याहून बरं ‘सुडोएडिट’: ते फाइलची तात्पुरती प्रत काढतं, एडिटर तुमच्याच साध्या अधिकाराने चालवतं आणि बंद केल्यावर बदल मूळ जागी नेऊन ठेवतं. ७७७ चा फटका सर्वात जोरात बसतो तो ‘सुडोअर्स’ फाइलवर, जिच्यात सुडो कोणी वापरायचं ते लिहिलेलं असतं. ती सगळ्यांना लिहिता येते असं दिसलं की सुडो काम करायलाच नकार देतं. परवानगी परत ४४० करायला जावं, तर त्यासाठीही सुडोच लागतं! ‘पीकेएक्झेक’ ही ॲडमिनचा अधिकार देणारी दुसरी कमांड असेल तर त्याने सुटका होते, नाहीतर रिकव्हरी मोडमधून बूट करावं लागतं. ही फाइल फक्त ‘व्हिसुडो’ या तिच्यासाठीच्या कमांडनेच उघडायची, ते चुकीची ओळ आधीच पकडतं.

मॅकवर होस्ट्ससाठी सुडो चालतं, पण २०१५ च्या एल कॅपिटनपासून खुद्द सिस्टिमच्या फाइलींना सुडोनेही हात लावता येत नाही. तिथे निवड करायचा प्रश्नच येत नाही.

विंडोजवर फुल कंट्रोल आधीच देऊन बसला असाल, तर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि होस्ट्स फाइलवर ‘आयकॅकल्स’ला ‘रीसेट’चा पर्याय देऊन चालवा. फोल्डरच्या मूळ परवानग्या परत लागू होतात. मग फाइल उघडून ओळी वाचा. विंडोज १० आणि ११ च्या कोऱ्या होस्ट्स फाइलमध्ये मजकुराची प्रत्येक ओळ # ने सुरू होते, म्हणजे ती नुसती टीप असते. # नसलेली आणि तुम्ही न लिहिलेली ओळ दिसली, तर ती काढा आणि त्या कॉम्प्युटरचं पूर्ण स्कॅन लावा.