विक्रेत्याने एकही खोटे छायाचित्र दाखवले नव्हते

वापरलेला छोटा डिजिटल कॅमेरा घेताना माझी जी फसवणूक झाली, तिच्यात खोटे छायाचित्र, चोरीचा माल किंवा रिकामा खोका यांपैकी काहीही नव्हते. जाहिरातीत दिसलेलाच कॅमेरा हातात आला, तो सुरू होत होता, फोकस करत होता आणि बाहेरून त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. दोष होते ते कॅमेऱ्याच्या आत, आणि ते दिसू नयेत अशा बेताने विक्रेत्याने प्रत्येक पुरावा निवडून दिला होता. हौशी छायाचित्रकारांसाठीचे असे कॅमेरे आता मोठ्या प्रमाणात दुसऱ्या हाती विकले जात असल्यामुळे ही पद्धत तपशीलवार सांगणे मला आवश्यक वाटते.

कॅमेरा होता सोनीचा आरएक्स१००, म्हणजे २०१२ साली आलेली या मालिकेतली पहिली आवृत्ती. खिशात मावणाऱ्या या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, १३.२ × ८.८ मिलिमीटरचा आहे. साध्या छोट्या कॅमेऱ्यांत सर्रास आढळणाऱ्या सेन्सरच्या तुलनेत हे क्षेत्रफळ सुमारे चौपट भरते, आणि म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही त्याला मागणी आहे. एफचा आकडा जितका लहान, तितके ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, मोठे. झूमच्या रुंद टोकाला (जास्त दृश्य मावते तेथे) लेन्स एफ/१.८ इतकी उघडते, लांब टोकाला (दूरचे जवळ दिसते तेथे) मात्र एफ/४.९ पर्यंतच. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा डाव त्याच्यावरच रचलेला होता.

विक्रेता बोलायला अत्यंत सभ्य होता. नमुना छायाचित्रे मागताच त्याने मूळ फाइली पाठवल्या, त्याही मेसेजमधून फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून, जेणेकरून त्यांतली तांत्रिक माहिती शाबूत राहावी. फोटो म्हणून पाठवलेली फाइल आकाराने लहान होते आणि तिच्यातली ॲपर्चर, शटर, झूम किती होती ही नोंदही बहुधा गळून जाते, हे त्याला ठाऊक होते. त्याच्या या काटेकोरपणामुळे विश्वास बसावा, अशीच ती योजना होती. छायाचित्रे सुरेख होती: फुले, एक मांजर, खिडकीतल्या उजेडातले चेहरे, पार्श्वभूमी छान विरघळलेली. नोंदी पाहिल्या तर सगळी एफ/१.८ ते एफ/२.८ या दरम्यानची, रुंद टोकाची आणि सगळी चौरस चौकटीतली. हा कॅमेरा मुळात ३:२ प्रमाणात ५४७२ × ३६४८ पिक्सेलचे छायाचित्र काढतो. चौरस चौकट निवडली की दोन्ही बाजूंच्या कडा कापल्या जातात आणि ३६४८ × ३६४८ एवढेच उरते. "मला चौकोनी चौकटच आवडते," असे त्याने आपणहून सांगितले होते. व्हिडिओ कॉलवरही त्याने कॅमेरा चालू करून, लेन्स बाहेर येताना आणि आत जाताना दाखवली. पडद्यावर दिसत होती ती टेबलावरची फुलदाणी, रुंद टोकानेच.

कॅमेरा आल्यावर पहिली चाचणी पांढऱ्या भिंतीची केली. झूम पूर्ण लांब, ॲपर्चर एफ/११, फोकस मुद्दाम बिघडवलेला, म्हणजे भिंतीचा पोत त्यात येऊ नये. वरच्या उजव्या भागात दोन काळपट गोल डाग आणि त्यांच्याखाली केसासारखी एक वाकडी रेघ स्पष्ट दिसली. तीच भिंत रुंद टोकाने एफ/१.८ वर घेतली, तर छायाचित्र स्वच्छ! धूळ सेन्सरवरच्या काचेवर बसते, प्रत्यक्ष सेन्सरवर नाही. ॲपर्चर मोठे असते तेव्हा प्रकाश रुंद शंकूतून अनेक कोनांनी येतो आणि कणाची सावली पसरून नाहीशी होते. ॲपर्चर लहान झाले की शंकू बारीक होतो आणि सावलीला कडा येतात. अशा कॅमेऱ्यांत लेन्स आत-बाहेर सरकताना हवा आत ओढली जाते व तिच्याबरोबर धूळही येते. लेन्स काढता येत नसल्यामुळे ब्लोअरने ती उडवण्याची सोय नसते.

विक्रेत्याचे उत्तर मोठे चतुर होते. एवढ्या सेन्सरवर एफ/११ कोणी वापरतच नाही, विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, चित्र तसेही मऊ पडते, असे त्याने लिहिले. अर्धे विधान खरे आहे, आणि म्हणूनच ते त्रासदायक ठरते. परंतु एफ/५.६ वर, झूम लांब ठेवून घेतलेल्या मोकळ्या आकाशातही ते डाग फिकट का होईना, दिसतच होते. आणि हौशी माणूस असा कॅमेरा निसर्गदृश्यांसाठी नेतो, तेव्हा छायाचित्रात आकाश येणारच.

दुसरा दोष डागांपेक्षा गंभीर होता. छापील वर्तमानपत्राची पाने भिंतीवर सपाट चिकटवून पूर्ण ३:२ चौकटीत छायाचित्र घेतले असता डावीकडची अक्षरे पुसट आणि उजवीकडची धारदार आली. कॅमेरा भिंतीला समांतर नसला तरी असे होऊ शकते, म्हणून कॅमेरा उलटा धरून तेच छायाचित्र पुन्हा घेतले. भिंत तिरकी असती तर पुसटपणा कागदाच्या त्याच बाजूला राहिला असता. तो कॅमेऱ्याबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेला. याचा अर्थ लेन्समधला एखादा घटक कललेला आहे. दोन्ही बाजू सारख्या मऊ असत्या, तर तो लेन्सच्या रचनेचा स्वभाव म्हणून सोडून देता आला असता. चौरस चौकटीचा शौक कशासाठी होता, ते येथे उलगडले.

दुरुस्ती करणाऱ्याने भिंगातून तळाचे स्क्रू दाखवले. दोन स्क्रूंच्या खाचा झिजून चकाकत होत्या आणि एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा होता. कॅमेरा पूर्वी उघडला गेला होता, बहुधा पडल्यानंतर किंवा धूळ काढण्यासाठी, असे त्याचे मत पडले. जाहिरातीत "कधीही उघडलेला नाही" असे होते. पुराव्याशी टक्कर देणारे त्याचे एवढे एकच लेखी विधान मला सापडले, आणि तेही सिद्ध करणे शक्य झाले नाही. ज्या संकेतस्थळावरून व्यवहार झाला, तेथे वस्तू "वर्णनानुसार चालू" असल्याचे कारण देऊन तक्रार बंद करण्यात आली. पैसे परत मिळाले नाहीत.

"फारच कमी वापरलेला" या दाव्यासाठी विक्रेते फाइलीचा लहान क्रमांक दाखवतात, त्याला काडीचीही किंमत देऊ नये. क्रमांक मेनूतून पुन्हा सुरुवातीला आणता येतो आणि ९९९९ नंतर तो आपोआपही मागे फिरतो. परदेशातून आलेल्या प्रतीची मेनूची भाषा बदलता येते का, हेही विचारावे. जपानच्या बाजारासाठी केलेल्या सोनीच्या काही कॅमेऱ्यांत फक्त जपानीच असते.

विक्रेता काय पाठवतो ते तपासत बसण्याऐवजी काय पाठवायचे ते आपण ठरवावे. झूम पूर्ण लांब आणि ॲपर्चर सर्वांत लहान ठेवून पांढऱ्या भिंतीचे एक छायाचित्र मागावे. पूर्ण चौकटीत, ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून वर्तमानपत्राची दोन छायाचित्रे मागावीत, एक सरळ आणि एक कॅमेरा उलटा धरून. तळाच्या स्क्रूंचे जवळून घेतलेले छायाचित्र मागावे. त्या दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी वर्तमानपत्राच्या मधोमध लावायला सांगावी, म्हणजे जुन्या फाइली चालणार नाहीत. या कामाला दहा मिनिटेही लागत नाहीत, त्यामुळे कॅमेरा सध्या मित्राकडे आहे, बॅटरी उतरली आहे किंवा दुसरा ग्राहक वाट पाहत आहे अशी उत्तरे येऊ लागली, तर आगाऊ रक्कम पाठवू नये.