टॅबवर दोन अ‍ॅप शेजारी-शेजारी: द्राक्षाच्या एका हंगामाचा अनुभव

नाशिकजवळ निफाड तालुक्यात आमची साडेतीन एकर थॉमसन जातीच्या द्राक्षाची बाग आहे. फवारणीच्या नोंदी ठेवायचं काम लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माझ्याकडे आलं. सप्टेंबरात, गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या छाटणीच्या) तोंडावर, ११ इंची अँड्रॉइड टॅब घेतला तो याच कामासाठी. आता माल निघून गेलाय, तेव्हा निवांत लिहिते.

आधी काय व्हायचं ते सांगते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी पीडीएफमध्ये मिळते. औषध, मात्रा आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, हे सगळं एका ओळीत. मी मोबाइलवर यादी उघडायची, आकडा बघायची, यादी बंद करून फवारणीच्या नोंदींची शीट उघडायची आणि तोवर तो आकडा मनात घोकायची. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या ओळीतले दिवस उतरवले गेले. घटक एकच, पण एकटा मारला तर दिवस वेगळे आणि जोडऔषधात, म्हणजे दोन घटकांच्या तयार मिश्रणात, आला तर वेगळे. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आपल्या वहीशी ताडून पाहिलं म्हणून फवारणीआधीच सापडलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याच्या फळात उरलेल्या अंशाला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. तिथे एक चुकलेली ओळ अख्ख्या प्लॉटला महागात पडू शकते.

आता यादी डावीकडे, शीट उजवीकडे. ओळ डोळ्यांसमोर असतानाच आकडा भरला जातो. एक अ‍ॅप उघडं ठेवायचं, खालच्या पट्टीवरून दुसऱ्याचं चिन्ह दाबून धरून उचलायचं आणि पडद्याच्या कडेला नेऊन सोडायचं, एवढंच. पडदा विभागायची सोय अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. ही पट्टी मात्र २०२२ च्या अँड्रॉइड १२एलमध्ये मोठ्या पडद्यांसाठी आली, आणि माझ्या मते खरा फरक तिनेच पडला. मधली रेघ सरकवून मी यादीला जास्त जागा देते, कारण तिचे रकाने बारीक असतात. अँड्रॉइड १५ असल्याने दोन्ही अ‍ॅपची जोडी होम स्क्रीनवर ठेवता आली. एका टिचकीत दोन्ही उघडतात.

नोव्हेंबरातली एक रात्र सांगते. बाग फुलोऱ्यात, छाटणीनंतरचा ३८ वा दिवस, आणि आभाळ भरून आलेलं. फुलोऱ्यात पाऊस म्हणजे डाउनी या बुरशीच्या रोगाची भीती. ओट्यावर बसून डावीकडे पावसाचा अंदाज उघडला, उजवीकडे शीट. अण्णा शेजारी येऊन बसले. "मागची फवारणी कधीची गं?" उजवीकडे बोट ठेवलं, पाच दिवसांपूर्वीची. "आणि पाऊस?" डावीकडे बोट ठेवलं, सकाळी नऊनंतर. अण्णा उठलेच. "मग पहाटे चारला फवारणीचा ब्लोअर काढायला सांग." एरवी एवढं ठरायला तीन फोन आणि अर्धा तास गेला असता. तेव्हापासून मेघदूत या हवामानाच्या अ‍ॅपवर मंगळवारी-शुक्रवारी येणारा कृषी सल्लाही मी शीट शेजारी ठेवूनच वाचते.

आता अडचणी. सगळ्यात मोठी कीबोर्डची. टॅब आडवा धरून शीटमध्ये टाइप करायला लागलं की पडद्यावरचा कीबोर्ड खालचा अर्धा भाग व्यापतो आणि नेमकी हवी ती ओळ झाकली जाते. शेवटी छोटा ब्लूटूथ कीबोर्ड घेतला. तो टॅबच्या किमतीतच धरा, त्याशिवाय मी हा टॅब कोणाला सुचवणार नाही. दुसरी अडचण रॅमची. माझ्याकडे ४ जीबी आहे. मध्येच व्हॉट्सअ‍ॅप उघडून परत आलं की कधीकधी यादी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते. परवडत असेल तर जास्त रॅमचा घ्या. ८ इंचीचा विचारही करू नका, अर्ध्या पडद्यावर ते रकाने वाचता येणार नाहीत. उन्हात बागेत पडदा दिसत नाही, त्यामुळे तिथे मी अजूनही कागदावरच टिपून आणते.

माझ्या दिरांकडच्या जुन्या टॅबवर अँड्रॉइड ९ आहे. त्यात एका बाजूला बोट लावलं की दुसरीकडचा व्हिडिओ काही अ‍ॅपमध्ये थांबतो. दोन्ही अ‍ॅप एकाच वेळी चालू राहायची सोय अँड्रॉइड १० मध्ये आली. जुना टॅब घेणार असाल तर आवृत्ती आधी बघून घ्या.

माल निघाल्यानंतरची खरड छाटणी एप्रिलमध्ये. त्याआधी यादीची नवी आवृत्ती उतरवून घ्यायची आहे. जोडी उघडली की डावीकडे गेल्या वेळचीच फाइल समोर येते आणि जुनी यादीही नव्यासारखीच दिसते. म्हणून मी आता फाइलच्या नावातच तारीख लिहून ठेवते.