पॅट मेथेनीचा 'वन क्वाएट नाईट': पावसाळ्यापासून थंडीपर्यंत ऐकल्यावर

अमेरिकन जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीचा २००३ चा अल्बम 'वन क्वाएट नाईट' मी भर पावसाळ्यात ऐकायला घेतला. आता नाशकात कडाक्याची थंडी पडलीय आणि तो अजून वाजतोच आहे. एक माणूस, एक गिटार, बस्स. यातला बराच भाग त्याने नोव्हेंबर २००१ मध्ये घरच्या स्टुडिओत एका रात्रीत रेकॉर्ड केला.

गिटार मात्र साधी नाही. कॅनडाच्या लिंडा मान्झरने बनवलेली बॅरिटोन ॲकॉस्टिक, नेहमीच्या गिटारपेक्षा बरीच खाली लावलेली; फक्त मधल्या दोन तारा एक सप्तक वर. त्यामुळे शेजारशेजारच्या तारांमधून एकदम खालचे आणि वरचे सूर निघतात. सुरुवातीला मला दोन गिटारी वाजताहेत असंच वाटायचं. कान सरावले तसं कुठला सूर कुठून येतोय ते कळायला लागलं, आणि खरी गोडी तिथून लागली.

म्हणून आग्रहाने सांगतो, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. खर्ज पार गायब होतो. बरे हेडफोन लावले की जाड तारेचा सूर विरेपर्यंत ऐकू येतो, बोट सरकतानाची करकरसुद्धा. तानपुरा ऐकत वाढलेल्या माणसाला हा खर्ज लगेच भिडेल.

'डोन्ट नो व्हाय' गायिका नोरा जोन्समुळे ओळखीचं, म्हणून चटकन आवडतं. माझ्यापुरतं ते सगळ्यात लवकर जुनं झालं. जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटचं 'माय साँग' टिकलं. अजिबात घाई नाही, सुरांमध्ये भरपूर जागा. अल्बमचा मधला भाग सलग ऐकला तर एकसुरी होतो, हे खरंय. मी एका बैठकीत दोन-तीन रचनाच ऐकतो.

२००४ मध्ये याला ग्रॅमी मिळालं ते 'न्यू एज' विभागात, म्हणजे मन शांत करायला मागे लावून ठेवायच्या संगीतात. मला हे अजिबात पटत नाही. स्वरसंगती अशी वळणं घेते की लक्ष दुसरीकडे ठेवून ऐकताच येत नाही. हे जॅझच आहे.

शेवटचं 'लास्ट ट्रेन होम' माझं सगळ्यात लाडकं. १९८७ च्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये ड्रमवर ब्रशने धरलेला आगगाडीचा ठेका आहे, चाल इलेक्ट्रिक सितारवर. इथे दोन्ही नाही, सगळा भार एकट्या गिटारवर. मुंबईहून पंचवटी एक्सप्रेसने परतताना कसारा घाटात हेच लावतो. घाटात नेटवर्क जातं, तेव्हा आधीच डाउनलोड करून ठेवा. आणि हेडफोन नॉइज कॅन्सलिंगचेच घ्या, नाहीतर चाकांच्या घरघरीत खर्ज पुन्हा हरवतो.